गाजरं कोणी कापली?

मी एक जुनी कढई आहे. आमच्या फर्गाना खोऱ्यात मला कझान म्हणतात, पण तुम्ही कढईच म्हणा, माझी काही हरकत नाही. कोणी 'भांडं' म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं. भांडी काय, पायलीला पन्नास मिळतात, मित्रांनो. मी विद्यापीठाची कढई आहे!

माझा जन्म ओताऱ्यांच्या गल्लीतला. वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यात ओतलं, गार झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आले. काळी, खरखरीत, आणि इतकी जड की मला उचलताना दोन गडी एकमेकांना शिव्या घालत होते. ओताऱ्याने बोटाने टणटण वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "हिला तडा नाही, नातवंडांपर्यंत टिकेल." तेव्हापासून मला माझा जरा जास्तच अभिमान आहे. लोकं म्हणतात ते खरं आहे, मी नाकारत नाही.

शेतीचं विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं, तिथे मला नेलं. पहिल्या आचाऱ्याने दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी घालून मला मंद आचेवर तापवलं, मिठाने घासलं, परत चरबी पाजली. एवढे लाड झाल्यावर मी गुळगुळीत झाले. मग काय, कोणाला डॉक्टरेट मिळाली, ओश करा. कोणी निवृत्त झालं, ओश करा. पोरं कापूस वेचून शेतावरून परतली, ओश करा. ओश म्हणजे आमचा पुलाव. माझ्या तळाशी करपलेला थर खायला विद्यार्थी भांडायचे आणि मोठमोठे प्राध्यापक पोरांना दटावता दटावता हळूच तोच थर आपल्या ताटात ओढायचे. सगळं पाहिलंय मी.

आता ओशमधली खरी गोम ऐका. मटण, तांदूळ, सरकीचं तेल हे सगळं लागतंच, पण त्याचा जीव असतो गाजरात. पिवळी गाजरं, काडीसारखी बारीक, हातानेच कापलेली. किसली की लगदा होतो आणि सगळं मुसळ केरात. एवढा ढीग एकट्या आचाऱ्याला कुठला आवरायला? म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावणं जातं: गाजरं कापायला या. ज्याने त्याने आपली सुरी घेऊन यायचं, चटईवर गोल बसायचं आणि कापायचं. गावातल्या लग्नात हे काम पुरुषांचं असतं. आमच्या विद्यापीठात मात्र बायका पहिल्यापासून बसत आल्यात, आणि त्यांची गाजरं जास्त बारीक असतात हे मी कढई म्हणून सांगते, कोणाला राग आला तर येऊ दे.

त्या बैठकीत काय काय बाहेर पडायचं म्हणून सांगू! विद्यापीठाच्या सभेत नुसते हात वर होतात. पण कोणाची कुठे अडचण आहे, कोण कोणावर रुसलंय, कोण मदतीला येईल आणि कोण ऐन वेळी पाठ दाखवेल, हे गाजरं कापताना कळतं. समोर ढीग असतो, उठून पळता येत नाही, मग माणूस बोलतो. नवा अभ्यासक्रम असो की नवं वसतिगृह, इथे ज्याची आधी उलटतपासणी झाली, तेच काम पुढे धड झालं.

मग दिवस पालटले. गॅसवरची चकचकीत पातेली आली. मेजवानी असली की लग्नाच्या हॉलमधून तयार ओश मागवू लागले. आमच्या कँटीनचे आचारी हैदरअली अका, अका म्हणजे दादा, त्यांनी जड मनाने मला मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यात पावसाचं पाणी साचलं, तुतीची पानं कुजली. एका वसंतात तर एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली. एवढे जीव माझ्या पोटात आले आणि शिजले नाहीत, असं पहिल्यांदाच घडलं. पिल्लं गोड होती, खोटं कशाला बोलू. पण कढईचा जन्म काही पाळण्यासाठी नसतो.

अशात मुकद्दस ओपा आल्या. ओपा म्हणजे ताई. राजधानी ताश्कंदची चांगली नोकरी सोडून त्या आमच्याकडे प्र-कुलगुरू म्हणून आल्या होत्या. चालायच्या भरभर, बोलायच्या भरभर, आणि चहा नेहमी गार करून टाकायच्या. त्यांनी काय पाहिलं, तर मातीवाल्यांची प्रयोगशाळा वेगळी, बियाणेवाल्यांची वेगळी, रसायनवाल्यांची वेगळी, आणि सगळ्यांना कुलपं. एका खोलीत सूक्ष्मदर्शक धूळ खातोय आणि शेजारच्या खोलीतली पोरं चित्रं बघून शिकतायत. ओपांना ते बघवेना. त्यांनी ठरवलं, सगळ्यांची मिळून एकच मोठी प्रयोगशाळा करायची, आणि ती सगळ्या विद्यार्थ्यांना उघडी ठेवायची.

त्यांनी धावाधाव करून तुतीच्या रांगेपलीकडे नवी इमारत उभी करून घेतली. प्रांताच्या हाकिमाने जागा दिली, पण अट घातली: वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत तिथे वर्ग भरले पाहिजेत, नाहीतर इमारत परत. परत घेऊन ती कोणाला मिळणार, हे सगळ्या शहराला माहीत होतं. लग्नाच्या हॉलचा मालक अझिमजान जिभल्या चाटत बसला होता. आणि इमारत गेली की ओपांनाही गाशा गुंडाळून ताश्कंदला परतावं लागणार होतं.

ओपांनी योजना सभेत मांडली. सगळ्यांचे हात वर झाले. एकही हात खाली राहिला नाही! ओपा इतक्या खूश झाल्या की उद्घाटनाला मोठा ओश द्यायचं ठरवून त्या धावतच कँटीनमध्ये आल्या.

"ओपा, आदल्या दिवशी गाजरांना कोणाकोणाला बोलावू?" हैदरअली अकांनी विचारलं.

"छे छे, अका! प्राध्यापकांना कशाला त्रास? त्यांनी काय आता सुऱ्या चालवायच्या? अझिमजानकडून सगळं तयार मागवू. त्यांनी फक्त यायचं आणि खायचं."

बाई मनाने चांगली हो! लोकांचा त्रास वाचवायला गेली, आणि तिथेच घोटाळा झाला. मी अंगणात पडल्या पडल्या ओरडले असते, पण मला तोंड आहे तरी जीभ नाही.

उद्घाटनाला राजधानीचे पाहुणे आले. त्यांना मानाच्या जागी बसवलं. आमच्या लोकांना मागच्या टेबलांवर ताटं मिळाली. तिथे मुतालिब दोम्ला बसले होते. दोम्ला म्हणजे गुरुजी. माती विभागाचे प्रमुख, डोक्यावर जुनी दोप्पी, आणि जीभ अशी की समोरच्याला हसूही येतं आणि झोंबतंही. त्यांनी एक घास घेतला आणि शेजारच्या सलोमत ओपांना, म्हणजे बियाणे विभागाच्या प्रमुखबाईंना, म्हणाले, "गाजरं यंत्रातून आलीयत."

"गप्प खा हो दोम्ला."

"खातोय की. योजनाही त्याच यंत्रातून आली वाटतं. सगळे तुकडे एका मापाचे!"

मागची सगळी टेबलं खो खो हसली. पुढच्या टेबलावर मुकद्दस ओपांना वाटलं, लोक खूश आहेत. त्याही हसल्या.

मग सुरू झालं 'होईल की!'. ओपा विचारायच्या, "दोम्ला, तुमची यंत्रं नव्या इमारतीत कधी आणताय?" दोम्ला छातीवर हात ठेवून मान झुकवायचे, "होईल की, बाईसाहेब!" सलोमत ओपांना विचारलं, तर "होईल की ओपा, पण थंडीत बियाणं हलवत नाहीत." रसायनवाले म्हणाले, वेळापत्रक बसत नाही. साफसफाईच्या बायका म्हणाल्या, तिकडची किल्ली कोणी दिलीच नाही. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. शरद गेला, बर्फ पडला, बर्फ वितळायला लागला, आणि नव्या इमारतीत चिमण्या तेवढ्या रोज हजर!

एक दिवस ओपा तिकडे गेल्या तर अझिमजान मोजायची फीत घेऊन तळमजल्यावर उभा. "नवरा-नवरीचं व्यासपीठ इथे छान दिसेल, नाही का ओपा?" असं त्यांनाच विचारतो! ओपांनी पाठ फिरवली. तडक मागच्या अंगणात आल्या, माझ्या शेजारी उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसल्या आणि रडायला लागल्या. चांगल्या हमसून रडल्या. मला फार वाईट वाटलं. मांजरीला यंदा माझ्यातच नवी पिल्लं झाली होती, तीसुद्धा पिल्लांना सोडून ओपांच्या पायाशी गेली.

तेवढ्यात मुतालिब दोम्ला गरम नान घ्यायला कँटीनच्या मागच्या दाराने आले. ओपांना पाहून ते परत फिरणार होते, पण ओपांनी हाक मारली.

"दोम्ला, थांबा! तुम्ही सभेत हात वर केला होता की नाही?"

"केला होता."

"मग माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा. 'होईल की' म्हणू नका, आज मी ते ऐकून घेणार नाही."

दोम्लांनी नानचा तुकडा मोडला आणि निम्मा त्यांच्या हातात दिला. "हात वर केला. पण गाजरं कापायला कुठे बोलावलंत?"

ओपा उसळल्या. "गाजरं? गाजरांसाठी तुम्ही माझी प्रयोगशाळा बुडवताय? पोरं चित्रं बघून शिकतायत आणि तुमचा मान गाजरात अडकलाय?"

"मान गेला खड्ड्यात!" दोम्लाही चिडले. "अशी प्रयोगशाळा मी तरुणपणापासून मागतोय. गाजरांना बसलो असतो तर तुम्हाला सांगितलं असतं, की माझी माती वाळवायची भट्टी त्या दारातून आत जात नाही. सलोमतने सांगितलं असतं, की तिच्या बियाण्याला तुम्ही भर उन्हाची काचेची खोली दिलीय, तिथे सगळं बी मरेल. सभेत, पाहुण्यांसमोर, तुमच्या योजनेला भोकं पाडायची? ते आम्हाला शोभतं का? मग गप्प बसलो."

"आणि मी समजले, तुम्हाला सगळं पसंत आहे," ओपा म्हणाल्या. त्यांनी हातातला नानचा तुकडा संपवला. मग डोळे पुसले आणि आत पाहून हाक मारली, "हैदरअली अका! ही कढई अजून चालते का?"

चालते का! मित्रांनो, मला असा राग आला आणि असा आनंद झाला, की काय सांगू. पिल्लांची रवानगी खोक्यात झाली. अकांनी मला विटेच्या तुकड्याने घासलं, मिठाने चोळलं, परत चरबी पाजली. नव्या इमारतीच्या दारासमोर चूल मांडली आणि मला तिच्यावर बसवलं. आतल्या रिकाम्या दालनात चटया अंथरल्या, मधोमध गाजरांचा ढीग ओतला. बोलावणं सगळ्यांना गेलं होतं: शिकवणारे, शिकणारे, झाडणारे, पहारा देणारे.

संध्याकाळ झाली तरी कोणी येईना. ढिगासमोर ओपा एकट्या, हातात फळं कापायची सुरी. शेवटी सलोमत ओपा आल्या, कापडात गुंडाळलेली चुस्त गावची नामांकित सुरी घेऊन.

"अगं बाई, ही कसली सुरी? हिने लोणीपण कापलं जायचं नाही. सरक तिकडे."

त्यांच्यामागून रसायनवाले आले, साफसफाईच्या बायका आल्या, मुलींचा घोळका आला. सगळ्यात शेवटी मुतालिब दोम्ला. त्यांनी बसल्या बसल्या मुकद्दस ओपांच्या पुढ्यातली एक काडी उचलून उजेडात धरली. "हे गाजर आहे की चुलीचं सरपण?"

"ताश्कंदमध्ये असंच कापतात," ओपा म्हणाल्या.

"तरीच तिथून इमारती अशा येतात!"

दालन हास्याने दणाणलं, आणि ह्या वेळी ओपांना कळलं की आपल्यावर हसतायत. तरीही त्या हसल्या. मग सुऱ्या चालू लागल्या आणि तोंडं सुटली. सलोमत ओपांना उत्तरेची गार खोली हवी होती, ती रसायनवाल्यांकडे होती. त्यांना उजेड हवा होता. घ्या, अदलाबदल झाली! झाडणाऱ्या बायका म्हणाल्या, वरच्या मजल्यावर नळच नाही, बादल्या वाहून आमची कंबरडी मोडतील. मुली म्हणाल्या, प्रयोग संपायच्या आत गावाकडची शेवटची गाडी निघून जाते, मग आम्ही येणार कशा? वेळ बदला. ओपा एका हाताने कापत होत्या आणि दुसऱ्या हाताने कपाळ बडवत होत्या. "हे मला आधी का नाही सांगितलंत?" "आधी विचारलंत कुठे?" असं सगळीकडून एकदमच उत्तर आलं.

मध्येच अझिमजान फीत घेऊन डोकावला. "बस खाली," दोम्ला म्हणाले, "रिकाम्या हातांनी उभं राहिलं की ओश बिघडतो." बिचारा बसला. यंत्राची सवय झालेली, त्याचं गाजर ओपांपेक्षा जाड निघालं, आणि ओपांच्या जिवात जीव आला.

राहता राहिली दोम्लांची भट्टी. ते म्हणाले, "रुंद दार आणि चिखलाच्या पाण्याला मोरी, दोन्ही एकाच खोलीला आहे."

"कोणत्या?" ओपांनी विचारलं.

सगळे खाली मान घालून कापत राहिले. ती खोली सगळ्यांना माहीत होती. तळमजल्यावरची, मोठ्या खिडकीची, दारावर पितळी पाटी लावलेली. ती मुकद्दस ओपांची स्वतःची कचेरी होती. पाहुण्यांना बसवायला म्हणून त्यांनी ती हौसेने सजवली होती. आत सगळ्या सुऱ्या थांबल्या.

ओपांनी हातातलं गाजर शेवटपर्यंत कापलं. "घ्या ती," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही बसणार कुठे?"

"जिन्याखाली जागा आहे. अझिमजान, तू फीत आणलीयस ना? ऊठ, माझं टेबल मावतं का ते मोज."

अझिमजान उठला आणि निमूट जिन्याखाली वाकून मोजू लागला. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. मुतालिब दोम्ला मात्र हसले नाहीत. त्यांनी कमरेच्या नाडीला बांधलेली प्रयोगशाळेची किल्ली सोडली. ती किल्ली त्यांनी कधी कोणाच्या हातात दिलेली नव्हती. ती त्यांनी गाजरांच्या ढिगावर ठेवली.

"उचल, पोरी," ते म्हणाले. इतके दिवस बाईसाहेब म्हणणारा माणूस पोरी म्हणाला! "आणि धुऊन घे, नाहीतर उद्या ओशला गंजाची चव येईल."

मग बाकीच्या किल्ल्याही आल्या. ओपांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या सगळ्यांना सांगत सुटल्या की कांदा आहे, कांदा. पण कांदे तर अजून चिरायचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी असा ओश शिजवला, की नाव काढतील. न्याहारी झाल्या झाल्या लोक उठले आणि सामान हलवायला लागले. सूक्ष्मदर्शक, बरण्या, भट्टी, बियाण्यांचे डबे, सगळं तुतींच्या रांगेतून वाजतगाजत आलं. विद्यार्थी तर ओझं उचलायला भांडत होते.

नवरोजला हाकीम साहेब आले. बरोबर अझिमजान होताच, पण त्याने फीत आणली नव्हती. साहेब एकेका खोलीत डोकावले. कुठे माती चाळतायत, कुठे बी उगवतंय, मुली सूक्ष्मदर्शकासाठी रांग लावून उभ्या. पाय ठेवायला जागा नाही! साहेबांनी दालनात येऊन विचारलं, "छान आहे हो! ही योजना कोणाची?"

"आमची!" मुतालिब दोम्ला म्हणाले. त्याच क्षणी सलोमत ओपाही म्हणाल्या, "आमची!" झाडणाऱ्या बायका म्हणाल्या, पहारेकरी म्हणाला, मुली म्हणाल्या. आणि मला वाटतं, अझिमजानही पुटपुटला. मुकद्दस ओपांचं नाव कोणालाही आठवलं नाही. त्या जिन्याखालच्या टेबलामागे, हातात गार झालेला चहा घेऊन उभ्या होत्या. मी दारातून त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता बाईला वाईट वाटणार. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की आयुष्यात इतकी खूश बाई मी पाहिली नाही. त्यांनी पियाला वर केला आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या, "आमची!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कढईला वापरून झाल्यावर ओली ठेवू नका, पुसा, तेलाचा हात फिरवा, ती तुमच्या नातवंडांनाही जेवू घालेल. आणि पुष्कळ माणसांसाठी काही मोठं काम काढलंत, तर त्यांना पंगतीलाच बोलावू नका, आदल्या संध्याकाळीही बोलवा. येताना ज्याची त्याची सुरी घेऊन यायला सांगा. ते तुमची चेष्टा करतील, तुमच्या कामाला नावं ठेवतील, एखादी खोलीही मागतील. द्या. चूल पेटवून ठेवा, बाकीचं मी बघते.